काठीच्या मापाच्या सहा खिडक्या

स्वयंपाकघरातल्या खिडकीचं झडप एका सकाळी बायकोच्या हातात आलं. नुसतं झडप आलं असतं तर मी हसलो असतो. झडपाबरोबर तीही खाली आली.

मी तेव्हा बाहेर, त्याच खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसलो होतो. सकाळची माझी जागा तीच. आधी पत्र्याचा आवाज आला, मग लाकडाचा, मग तिचा. आत जाऊन बघतो तर तेलाचा मोठा रिकामा डबा आडवा पडलेला, ही त्याच्या शेजारी फरशीवर बसलेली, अन् मांडीवर झडप, लेकरू घ्यावं तसं.

"काय करत व्हतीस वर चढून?"

"बघत व्हते."

"काय?"

"तुमी हाये का गेला, ते."

नारायणगावच्या डॉक्टरनं गुडघे दाबून बघितले. हाड शाबूत होतं. पण गुडघे झिजलेत, आता कशावर चढायचं नाही, अगदी पाटावरसुद्धा नाही, असं त्यानं मलाच बोट दाखवून सांगितलं, जसा काय मीच तिला चढवत होतो. घरी येडगावकडं परत येताना रिक्षा केली. कालव्याचा पूल आला तेव्हा म्हणाली, "म्हणजे आता बाहेर बघायचं सपलं."

मला ऐकू आलं. कान अजून चांगले आहेत माझे. पण माझं डोकं त्या झडपात अडकलं होतं. बाभळीची चौकट, माझ्या देखत केलेली, तिला वाळवी लागतेच कशी? घरी आल्यावर माझ्या जुन्या काठीच्या टोकानं एकेक खिडकी टोकून बघितली. सहाच्या सहा आतून पोकळ. वरून रंग होता म्हणून उभ्या होत्या, म्हाताऱ्या माणसासारख्या.

पोरगा चाकणला कंपनीत आहे. आईनंच त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आण्णा, सगळ्या खिडक्या बदलून टाका. सरकत्या बसवा. मी पैशे पाठवतो."

मी म्हणलं, "घर कुणी बांधलं?"

"तुमी."

"मग खिडक्या कोण बदलील?"

 आईशी बोलतो म्हणाला.

आता माप घ्यायचं होतं. घरात टेप आहे, पोरानंच आणलेली. मला फूट वाचता येतात, इंच वाचता येतात. शाळा दुसरीपर्यंत झाली असली तरी तेवढं येतं. पण दोन इंचांच्या मधल्या बारीक रेघा, ज्याला सुतार सूत म्हणतात, त्या मला मुंग्यांसारख्या दिसतात, एका जागी थांबत नाहीत. म्हणून मी माझ्या पद्धतीनं केलं. शेतातून बारा तुरकाट्या आणल्या. तुरीचं वाळलेलं सरळ खोड, वजनाला काही नाही. एक काटी खिडकीच्या रुंदीला लावून बरोबर तोडायची, दुसरी उंचीला. अशा सहा जोड्या. जोड्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीला तिच्या जुन्या लुगड्याची वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधली. स्वयंपाकघराला हिरवी.

ती बाजेवर पडून हे बघत होती. म्हणाली, "रुंदीची काटी हाये, उंचीची हाये. भुईपासनं किती वर, त्याची काटी कुठं हाये?"

"ते माप कशाला लागतंय? भोक हाये तिथंच बसायची खिडकी."

"व्हय. तिथंच," ती म्हणाली अन् कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी बारा काट्या बगलेत घेऊन एस्टीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, सरपणाला अर्ध तिकीट लागंल."

"सरपण न्हाई. सहा खिडक्या हायेत."

"मग पुढं सरका राव, दारात हवा आडतीया."

वारूळवाडीत एक अॅल्युमिनियमच्या खिडक्या अन् लोखंडी ग्रील करणारा आहे. तिशीतला गडी असेल. काट्या बघून आधी हसला, पण मग एकेका काटीला टेप लावून बघू लागला अन् त्याचं हसू कमी झालं. "बाबा, मापं एकदम बरोबर हायेत. सहाच्या सहा जोड्यांत सुताचा फरक न्हाई." मी नुसती मान हलवली. अशा वेळी बोलू नये.

सगळ्या खिडक्या तीन फूट बाय तीन फूट. त्यानं कागदावर मांडलं अन् मोठ्यानं वाचून दाखवलं. एक खिडकी नऊ चौरस फूट, फुटाला साडेचारशे, म्हणजे चार हजार पन्नास. ग्रील फुटाला दोनशे, अठराशे. जुनी चौकट काढून कडेनं प्लास्टर, दीड हजार. एका खिडकीचे सात हजार तीनशे पन्नास. सहांचे चव्वेचाळीस हजार शंभर.

मी कागद उलटा करून मागं बघितलं. तिथं काही नव्हतं.

"आन् बाबा, भुईपासनं केवढ्या उंचीवर हायेत? चढायला लाकडी घोडा आणावा लागंल का उभं राहून काम व्हईल?"

मी छातीवर आडवा हात ठेवला.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी आमच्या वाडीत सगळ्यात उंच. अजून वाकलेलो नाही. तो म्हणाला, "तुमची छाती म्हणजे आमचं टकुरं. घराला खिडक्या ठेवल्यात का खुराड्याला भोकं?"

"बिबट्या येतो आमच्यात."

"बिबट्याला ग्रील असती की."

"चाळीस वर्षांत माझ्या घरात बिबट्या शिरला न्हाई."

"शिरला नसंल. आन् घरातल्या बाईला बाहेरचा दिसला बी नसंल."

मी कागद घडी करून खिशात घातला अन् काट्या उचलल्या. असल्या पोरांशी मी वाद घालत नाही.

घरी आलो तर हिचा पहिला सवाल, "केवढे सांगितले?"

"चव्वेचाळीस हजार शंभर."

"वरचे शंभर कशाचे?"

"हिशोबाचे."

"एवढे घालून मला काय दिसणार? पुन्हा आभाळच."

मला वाटलं, ती भाव महाग आहे म्हणतेय. म्हणून मी म्हणलं, पेठला जातो, ज्यानं आधी केल्या त्याच्याकडूनच लाकडाच्या करून घेतो. ती लसूण सोलत राहिली.

पेठचा सुतार माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठा. आमच्या घराची सगळी लाकडं त्यानंच घडवली. तेव्हा महिनाभर आमच्यातच राहिला, जेवला. आता त्याच्या दुकानात पोरं यंत्रावर प्लायवूड कापतात, अन् तो दारात खुर्ची टाकून बसतो. मला बघून ओरडला, "या पावणं! काट्या घेऊन आलाय, कुणाला बडवायचंय?"

मी सगळं सांगितलं. त्यानं हात पुढं करून दाखवले. दोन्ही हात वाऱ्यातल्या पानासारखे हलत होते. "लाकूड इकत घेशील. हात कुठनं आणशील? त्या वारूळवाडीच्या पोराकडनं घे बसवून. भाव वाजवी हाये त्याचा."

मग चहा आला. चहा पिताना त्यानं सहज विचारलं, "या वख्ताला तरी खाली घेतल्या का न्हाई?"

"काय?"

"खिडक्या."

"बिबट्या येतो, म्हणून वर ठेवल्यात मी."

तो इतका हसला की बशीतला चहा त्याच्या धोतरावर सांडला. "अरं, तवा बिबट्या कुठं व्हता? तवा त्याला लपायला ऊसच नव्हता तुमच्याकडं! मी इचारलं, खिडकीचं बूड कुठं घ्यायचं. तू तुझी काठी उभी केलीस, वरच्या गाठीवर हात ठेवला आन् म्हणलास, हितं. मी म्हणलं, लई वर व्हतंय. तू म्हणलास, मला उभं राहून बघता आलं पायजे. बिबट्या तू नंतर आणलास."

मी म्हणलं, "एवढ्या जुन्या गोष्टी कशाला?"

पण तो थांबला नाही. "वहिनींनी मला इचारलं व्हतं तवा. पदर डोक्यावर घेऊन चहा द्यायला आल्या, आन् हळूच म्हणल्या, दादा, चुलीजवळची तेवढी एक खाली येईल का? मी म्हणलं, मालकाला इचारा. तर म्हणल्या, त्यांनी काठीनं दाखवलंय, आता कसं इचारायचं? मग मीच माझा खिळ्यांचा डबा रिकामा करून दिला त्यांना. हाये का आजून?"

"न्हाई," मी म्हणलं. "दुसरा हाये."

"दुसरा का चवथा?"

मला माहीत नव्हतं.

पेठहून येताना मंचरपर्यंत बसायला जागा मिळाली नाही. दांडा धरून उभा होतो अन् बाहेर बघत होतो. एस्टीच्या खिडकीतून बाहेर बघायला मलाच वाकावं लागतं, हे त्या दिवशी ध्यानात आलं.

आमची दोघांचीही घरं मेंढरांमागं फिरणारी. मी पालात जन्मलो, ती पालात जन्मली. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून घाट उतरायचा, पावसाच्या तोंडाला वर यायचं. पालाला खिडकी नसते. त्याला भिंतच नसते म्हणायला हरकत नाही. लग्न झालं तेव्हा सगळ्यात लांबचं तिला दिसायचं. पल्याडच्या टेकाडावर एखादं कोकरू मागं राहिलं तर ही भाकरी थापता थापता म्हणायची, काळ्या कानाचं ऱ्हायलंय बगा. मी जाऊन बघायचो, तर खरंच राहिलेलं असायचं. मग इकडं कालव्याचं पाणी आलं, थोडी जमीन केली, अन् मी घर बांधलं. आमच्या भावकीतलं पहिलं विटांचं घर. लोक बघायला यायचे. मी प्रत्येकाला खिडकीशी नेऊन उभं करायचो. बाहेर केवढं दिसतंय बघा म्हणायचो. सगळे गडीच होते.

घरी पोचलो तेव्हा दुपार उतरली होती. ती उडीद निवडत बसली होती.

"ऊठ जरा. भिंतीला टेकून उभी राहा," मी म्हणलं.

"कशाला?"

"राहा म्हणतो ना."

भिंतीला धरून धरून ती उठली अन् खिडकीखाली उभी राहिली. मी काठी तिच्या शेजारी उभी केली. ती म्हणाली, "मयताचं माप घेताय का? आजून जिती हाये मी."

"गप राहा, हलू नको."

काठीची वरची गाठ खिडकीच्या बुडाशी बरोबर टेकत होती, चाळीस वर्षांपूर्वी टेकली होती तशीच. अन् तिचे डोळे त्या गाठीच्या बोटभर खाली होते. फक्त कपाळ वर. एवढी वर्षं संसार केला, पण ती केवढी आहे हे मी कधी मोजलं नव्हतं. मी गुडघे वाकवले, माझं डोकं तिच्या डोक्याबरोबर आणलं, अन् तिथून समोर बघितलं. चुन्याची भिंत. भिंतीत एक खिळा, खिळ्याला गाळणी. वर मान केली तर पट्टीएवढं आभाळ. घर मी बांधलं, पण ती भिंत मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

खाली बघितलं तर फरशीवर गंजाचा चौकोन उमटलेला होता. डब्याच्या बुडाएवढा. पुसून जाणारा नव्हता, फरशीत मुरला होता.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी काठी उभी केली व्हती."

"आन् नंतर?"

"नंतर डबा व्हता की." मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी अजून वाकलेलाच होतो. "उठा आता. तुमचे बी गुडघे जातील, मग दोघांना कोण उचलायचं?"

मी उठलो. माझी चूक झाली असं काही मी म्हणलो नाही. तेव्हाही नाही अन् नंतरही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं वारूळवाडीला गेलो अन् त्या गड्याला म्हणलं, चल, तुझी टेप घेऊन चल. त्यानं काट्या कुठं आहेत विचारलं. मी म्हणलं, हे माप काटीचं नाही.

तो आला, भिंत ठोकून बघितली. खिडकीवरची आडवी तुळई, लिंटल म्हणतात ती, तशीच ठेवायची, खालची भिंत दोन फूट कापायची, म्हणजे छताला धक्का नाही. खिडकी तीन फूट बाय पाच फुटांची होईल. पंधरा फुटांचे सहा हजार सातशे पन्नास, ग्रीलचे तीन हजार, भिंत कापून प्लास्टर करायचे गवंड्यासकट चार हजार. तेरा हजार सातशे पन्नास.

"आन् बाकीच्या पाच?"

"बाकीच्यांना वाळवीवर डांबर लावीन मी. हीच एक करायची."

फोनवर पोरगा चिडला. "आण्णा, एकच खाली घेतली तर घराला ठिगळ लावल्यासारखं दिसंल."

"दिसू दे. ठिगळ आतनं बघायचंय, बाहेरनं न्हाई."

"मग पैशे तरी घ्या माझ्याकडनं."

घेतले नाहीत. दोन मेंढे दिले विकून. ती म्हणाली, "पोराचे घेतले असते तर काय झिजला असता का? ताठा नुसता." मी म्हणलं, काठी माझी होती, भोकही मीच भरणार. यावर ती हसली, पण तोंड वळवून.

ग्रीलचं माप घेताना मात्र ती मधे बोलली. इतका वेळ खुर्चीवर बसून ऐकत होती. "एका जागी गज जरा लांब लांब ठेवा."

वारूळवाडीचा म्हणाला, "का वो आजी?"

"चहा द्यायचाय बाहेर. वळसा घालून जाववत न्हाई आता."

मी म्हणलं, "आन् बिबट्या?"

"बिबट्या काय चहाला येणार हाये का?"

तो गडी लाल होईस्तोवर हसला. मग विचारलं, भोक केवढं ठेवू? तिनं मला मांडणीवरून कप आणायला लावला. तो कपाला टेप लावायला लागला तर म्हणाली, "बशीसकट मोजा. हे बशीतनं पितात." मग बशी धरून पुन्हा मोजलं. मांजर जाईल एवढी जागा निघाली. अंदाजाच्या कागदावर सगळ्यात खाली त्यानं लिहिलं, कपबशीची जागा, अन् पुढं रक्कम लिहायच्या ठिकाणी एक आडवी रेघ मारली. तो कागद मी ठेवला आहे.

भिंत कापायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी संध्याकाळी गवंडी हत्यारं धुऊन गेला तेव्हा तिथं नुसतं भगदाड होतं, फळी आडवी लावलेली. घरभर विटांचा भुगा. मी म्हणत होतो की धूळ बसू दे, खोकला होईल. तिनं ऐकलं नाही. खुर्ची ओढत ओढत त्या भुग्यात नेऊन ठेवली अन् बसली. फळीच्या वरून बघत राहिली. कालव्याच्या कडेनं कुणाची तरी मेंढरं चालली होती, दहापंधराच असतील, आमची नाहीत. बराच वेळ बघून ती म्हणाली, "मागचं लंगडतंय."

मी शेजारी उभा होतो. डोळ्यांवर हात धरून बघितलं. मला मेंढरंच नीट दिसत नव्हती.

आठवड्यानं खिडकी बसली. काच सरकती, गज निळे, रंग तिनं सांगितलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या जागेवर जाऊन बसलो तर जागा बदललेली. पूर्वी पाठीमागं सगळी भिंत असायची, आता खिडकीचं बूड माझ्या डोक्याजवळ आलं. थोड्या वेळानं कानाजवळ बशी वाजली. गजांतून हात बाहेर आलेला, बांगड्या गजाला लागत होत्या. मी कपबशी घेतली.

"चाळीस वर्षं डब्यावर चढून बघायचे," मागून ती म्हणाली, "तर वरनं नुसते पाय दिसायचे तुमचे. पाय दिसले की समजायचं, हायेत."

"आन् आता?"

"आता आख्खे दिसताय."

मी चहा बशीत ओतला. 

"मला वाटायचं, एवढा येळ हितं बसून तुमी काय तरी करत असताल," ती म्हणाली. "काहीच करत न्हाई वो तुमी."